बोजोले नूवो: तिसरा गुरुवार आला कुठून?

थंडीची चाहूल लागली की फ्रान्समध्ये जी स्वस्तातली लाल वाईन सगळ्यात आधी टेबलावर येते, त्या बोजोले नूवोचा, म्हणजे बोजोले प्रदेशाच्या नव्या वाईनचा, मुहूर्त ना द्राक्षाने ठरवला ना हवामानाने. तो सरकारी कागदावर ठरला, आणि तोही तीनदा.

ल्यों शहरातल्या खानावळींत जवळच्या बोजोलेची नवी वाईन थेट पिंपातून पिण्याची रीत जुनीच. रोन, सोन आणि बोजोले अशा तीन नद्या शहराला मिळतात, असं तिथले लोक गमतीने म्हणतात. त्याआधीचं सांगायचं तर 1395 मध्ये शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूकने गामे या लाल वाईनच्या द्राक्षाला हद्दपार केलं. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ते टिकलं.

खरा घोळ 1951 चा. त्या सप्टेंबरात हुकूम निघाला की नामांकित प्रदेशांची वाईन 15 डिसेंबरआधी विकायची नाही. उत्पादकांनी ओरड केली आणि 13 नोव्हेंबरला काही वाईनपुरती सूट मिळाली. पुढे तारीख दरवर्षी मागेपुढे होत राहिली. 1967 मध्ये ती 15 नोव्हेंबर अशी पक्की झाली. पण 15 तारीख कधी रविवारी, कधी सोमवारी. म्हणून 1985 पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार: शुक्रवार-शनिवारची गर्दी आयतीच मिळते. हा निर्णय शेताचा नव्हे, दुकानाचा होता, आणि माझ्या मते बोजोलेचं भलंबुरं दोन्ही त्यातूनच झालं.

मुहूर्त गाठायचा तर घाई आली. अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचे, काही दिवसांत रस काढायचा, तोडणीनंतर सहा-आठ आठवड्यांत बाटली बाहेर. चव कोवळी, फळाची, केळ्याची आठवण देणारी. हुरड्याला भाकरीचे गुण लावू नयेत, तसंच हे. पण लोकांनी लावले. जपानात घड्याळ आठ तास पुढे, त्यामुळे तिथे बाटली फ्रान्सच्या आधी फुटते. विमानभाड्यामुळे ती स्वस्त मात्र राहत नाही. मागणी वाढली तशी वाईन पातळ होत गेली आणि 2001 च्या हंगामानंतर एक कोटीहून जास्त बाटल्या भरतील इतका माल पडून राहिला.

एक शब्दही अडखळवतो. ही वाईन 'प्रीमर' म्हणूनही विकली जाते. बोर्डो या दुसऱ्या वाईन-प्रदेशात मात्र 'आँ प्रीमर' म्हणजे पिंपातली वाईन आगाऊ पैसे देऊन घेणं, बाटली नंतर वर्षा-दोन वर्षांनी.

नूवोच्या बदनामीचा फटका त्याच टेकड्यांवरच्या दहा खास पट्ट्यांना बसला. मॉर्गों, फ्लरी, ब्रुयी यांना नूवो काढायची परवानगीच नाही, तरी भाव दबलेले राहिले. शेजारच्या बर्गंडीपेक्षा त्यांच्या वाईन आजही बऱ्याच स्वस्त मिळतात. मॉर्गों हिवाळ्यात मटणाबरोबर, फ्लरी उन्हं वाढली की जरा गार करून. लेबलवर 'बोजोले' शोधू नका. बहुतेक उत्पादक तो शब्द छापायचं टाळतात.