दूध कमी पडतंय, की तसं वाटतंय?

संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाने अंगावर प्यायला मागतं, बाजूला केलं की रडतं. आईला वाटतं, दूध पुरत नाही. बहुतेक वेळा पुरत असतं, पण प्रत्येक वेळी नाही. या दोन गोष्टी ओळखायला रडणं उपयोगाचं नाही. लंगोट आणि वजनकाटा बघायचा.

तसं वाटायला लावणारी कारणं पुष्कळ आहेत. काही आठवड्यांनी स्तन पूर्वीसारखे भरून येत नाहीत, मऊ राहतात. याचा अर्थ दूध आटलं असा नाही. बाळाच्या मागणीशी शरीर जुळलेलं असतं. पंपाने थोडंच दूध निघालं तरी घाबरू नका, कारण बाळ पंपापेक्षा नीट ओढतं. संध्याकाळी सलग पिणंही नेहमीचंच. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, आणि झपाट्याने वाढायच्या दिवसांत त्याहूनही जास्त.

दूध खरंच कमी पडत असेल तर ते शू-शीवरून कळतं. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा फिकट शू व्हायला हवी. पहिली काळी, चिकट शी तोवर पिवळी, पातळ झालेली असावी. पाचव्या दिवशीही शी काळीच असेल किंवा शू गडद असेल, तर बाळाला त्याच दिवशी दाखवा. (दीडेक महिन्यानंतर मात्र अंगावर पिणारं बाळ काही दिवस शी न करताही ठणठणीत असू शकतं.)

वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं. उतार १० टक्क्यांवर गेला तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यावं, आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ व्हावी. रोज मोजू नका, आकड्यांच्या चढउताराने जीव उगाच टांगणीला लागतो. बाळ इतरांपेक्षा लहानखुरं असलं तरी चालेल. वाढीच्या तक्त्यावर ते स्वतःची रेघ धरून वर चढतंय ना, एवढं पाहा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती शांत बाळाची. उपाशी बाळ रडेलच असं नाही. पोटात कमी गेलं की अंगात त्राण राहत नाही, ते झोपूनच राहतं, आणि घरचे म्हणतात, किती गुणी आहे! पहिल्या आठवड्यांत पिण्यासाठी उठतच नसेल, तर चार तासांहून जास्त झोपू देऊ नका.

शंका आली की लगेच वरचं दूध सुरू करण्याआधी पकड, म्हणजे बाळाने स्तन तोंडात कसा धरलाय ते, तपासून घ्या : तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, गिळल्याचा आवाज येतोय. स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध बनतं. वरचं दूध वाढलं की बाळ कमी ओढतं आणि मग दूध खरंच घटतं. मात्र वजन घसरत असेल आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं, तर ते द्या, सोबत अंगावर पाजणंही चालू ठेवा. तोंड कोरडं, डोक्यावरची टाळू खोल गेलेली, बाळ मलूल किंवा पिवळं दिसत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.