झडप वर, गारठा पायाशी

‘माळ्याची झडप नीट बसत नाही, म्हणून वरचा गार वारा खाली उतरतो.’ माळ्याच्या झडपेला घडीची शिडी जोडलेल्या घरांत थंडी पडली की हे ऐकू येतं. वारा पडलेला असताना एक उदबत्ती त्या फटीखाली धरून पाहा. बाहेर कडाका आणि आत ऊब असेल, तर धूर बहुधा फटीतून वर ओढला जाईल.

गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलो, पण ती स्वतःहून जात नाही, तिला ढकललं जातं. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२० किलो, शून्य अंशाच्या हवेचं १.२९. पाच मीटर उंच घर घेतलं, तर बाहेरचा हवेचा स्तंभ आतल्यापेक्षा दर चौरस मीटरला साधारण ४५० ग्रॅमनं जड भरतो. म्हणजे दाब मोजायच्या एककात सुमारे ४.४ पास्कल. ही जड हवा दाराखालच्या फटींतून आत शिरते आणि हलक्या हवेला छताकडे रेटते. मधल्या एका उंचीवर आतला-बाहेरचा दाब सारखा असतो. ही तटस्थ पातळी. तिच्याखाली हवा आत येते, वर बाहेर पडते. फटी वर-खाली सारख्या असतील तर पातळी मध्यावर, आणि छताशी दाबाचा फरक २.२ पास्कल. त्यावर हवा सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगानं निसटते.

खरी गंमत पुढे आहे. वरची फट वाढली की तटस्थ पातळी वर सरकते, तळाशी फरक वाढतो आणि गार हवा अधिक जोरानं आत येते. गारठतात पाय, गळते झडप! ६० बाय १४० सेंटिमीटरच्या झडपेभोवती पाच मिलिमीटर फट म्हणजे २०० चौरस सेंटिमीटर, छताला चौदा बाय चौदाचं भोक.

मग झडप हवेच्या दाबानं उघडी राहते का? २.२ पास्कलचा त्या झडपेवरचा जोर जेमतेम १९० ग्रॅम वजनाइतका, आणि तोही वर, म्हणजे खाली उघडणाऱ्या झडपेला बंद करणारा. वाऱ्याची गोष्ट वेगळी: सेकंदाला दहा मीटरच्या झोताचा दाब साठ पास्कलपर्यंत जातो. रात्री झडप धडधडते ती त्यानं; माळ्यावर ‘कुणीतरी’ असण्याची गरज नाही.

दोष शोधायचा तो सैल बिजागरीत, थकलेल्या स्प्रिंगमध्ये, शिडीची घडी सरळ रेषेत न बसण्यात. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे नसतील तर चौकटच तिरकी झाली आहे. स्प्रिंग जोडीनंच बदलाव्यात, पण त्यांच्यात ताण असतो, तेव्हा ते काम जाणकाराकडे द्या. फोमची पट्टी सगळ्यात शेवटी, आणि पातळ. जाड पट्टी दाबली गेली नाही तर तीच झडपेला बसू देत नाही. कागदाचा तुकडा अडकवून झडप लावा आणि ओढा. सहज निघाला, तर तिथे फट आहे.