आर०१ आणि ‘घाईचं’ आर०१: अन्नधोरण बदलताना कुठला अर्ज करायचा?

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थकडे, म्हणजे एनआयएचकडे, संशोधनाचा पैसा मागणाऱ्यांना आर०१, म्हणजे एका संशोधन प्रकल्पासाठी मिळणारी तिथली मुख्य ग्रँट, काय असतं ते सांगावं लागत नाही. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठांत नवख्या प्राध्यापकाची नोकरी कायम होणं पुष्कळदा या एका ग्रँटवर अडलेलं असतं. गोंधळ होतो तो याच नावाच्या दुसऱ्या अर्जापाशी. लठ्ठपणाशी संबंधित धोरणांचं आणि कार्यक्रमांचं मूल्यमापन करण्यासाठी एनआयएचने गेल्या दशकात ‘टाइम-सेन्सिटिव्ह’, म्हणजे वेळेचं बंधन असलेलं, घाईचं आर०१ काढलं. फॉर्म तोच, संशोधन आराखड्याची पानं तीच बारा, उद्दिष्टांचं वेगळं एक पान तेच. म्हणून अनेकांचा समज होतो की विषय ताजा असला, पेपरात गाजत असला, की तो या घाईच्या खिडकीत टाकायचा आणि पैसे लवकर पदरात पाडून घ्यायचे.

विषय ताजा आहे की शिळा, याच्याशी या खिडकीचं काही देणंघेणं नाही. ती आहे नाशवंत माहितीसाठी. आज मोजलं नाही तर पुढे कितीही पैसा ओतला तरी मोजता येणार नाही, अशा गोष्टींसाठी.

आधी कॅलेंडर बघू. फिलाडेल्फियाच्या नगर परिषदेने १६ जून २०१६ रोजी गोड पेयांवर दर औंसाला दीड सेंट कर मंजूर केला आणि तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. साध्या आर०१च्या नव्या अर्जांच्या तारखा वर्षात तीनच: ५ फेब्रुवारी, ५ जून, ५ ऑक्टोबर. कर मंजूर झाला तेव्हा जूनची तारीख अकरा दिवसांपूर्वीच उलटून गेली होती. पुढची ऑक्टोबरची. ऑक्टोबरच्या अर्जाची तज्ज्ञ समितीपुढे छाननी होते फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मग मे महिन्यात सल्लागार परिषद, आणि पैसे हातात यायचे ते लवकरात लवकर जुलैमध्ये. म्हणजे कर सुरू होऊन सहा महिने झाल्यावर. तोवर ‘कराआधी लोक काय पीत होते?’ हे विचारायला जाल, तर उत्तर देणाऱ्याला स्वतःलाच नीट आठवत नसणार.

घाईच्या अर्जाच्या तारखा वर्षाला तीनच नव्हत्या, जवळजवळ दर महिन्याला एक होती, आणि अर्जाच्या तारखेपासून चार महिन्यांत पैसे द्यायचे असा त्यामागचा इरादा. जुलैअखेर अर्ज टाकला तर नोव्हेंबरअखेर मंजुरी. डिसेंबरचा एक महिना आधीची पाहणी करायला मिळतो. तोही काठावरचा, कारण डिसेंबरच्या थंडीतलं कोल्ड्रिंक आणि पुढच्या उन्हाळ्यातलं कोल्ड्रिंक यांची तुलना कोणी मान्य करणार नाही; पुन्हा मोजायला पुढच्या डिसेंबरचीच वाट बघायची. पण काहीतरी हातात असतं.

इथवर वाचून वाटेल की धोरण लागू व्हायची तारीख जवळ आली की घाईचाच अर्ज. नेमकी इथेच गल्लत होते. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथला पेय-कर बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला, १ जुलै २०१७ला सुरू व्हायचा होता, कोर्टकचेरीत अडकून २ ऑगस्टला सुरू झाला, ऑक्टोबरमध्ये रद्द करायचं ठरलं आणि १ डिसेंबरला गेलासुद्धा. जेमतेम चार महिन्यांचं आयुष्य. याहून जास्त घाईचं प्रकरण सापडायचं नाही. तरीही त्याचा नीट अभ्यास २०२० मध्ये छापून आला. सेंट लुईसशी तुलना करून त्यात दिसलं की कर असलेल्या पेयांची विक्री २७ टक्के घटली होती, आणि काउंटीची हद्द ओलांडून झालेली खरेदी वजा केली तर निव्वळ घट २१ टक्के. हे जमलं कसं? संशोधकांनी दुकानांच्या स्कॅनरमधली विक्रीची नोंद वापरली. बिलिंग काउंटरवर बारकोड वाचला गेला की नोंद कंपनीच्या साठ्यात जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. दोन वर्षांनीही विकत घेता येते. कर मेला तरी माहिती जिवंत होती. पुढे त्याच नोंदींवरून कर उठल्यानंतर काय झालं तेही तपासलं गेलं. अशा अभ्यासासाठी घाईचा अर्ज केलात तर समितीवरचा कोणीतरी पहिल्याच वाक्यात विचारेल, ‘मग हे पुढच्या फेब्रुवारीत का नको?’ आणि त्याला उत्तर नसेल.

आता दुसरं टोक. अमेरिकेत २०१०च्या कायद्याने शाळेतल्या जेवणाचे निकष बदलले आणि २०१२-१३च्या शालेय वर्षापासून फळं-भाज्या जास्त द्यायची सक्ती आली. मुलांच्या ताटात काय वाढलं, हे शाळेच्या खरेदीच्या पावत्यांवरून नंतरही कळतं. ताटात काय उरलं, हे कुठल्याही पावतीवर नसतं. ते मोजायचं तर जेवणाच्या सुट्टीत ट्रे गोळा करायचे, उरलेलं सफरचंद, उरलेलं गाजर वेगवेगळं काढून वजनकाट्यावर ठेवायचं, हात बरबटवून घ्यायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या चार शाळांत हे २०११च्या शरदात, म्हणजे निकष लागू होण्याआधी, केलेलं होतं म्हणूनच २०१२च्या शरदात पुन्हा मोजून सांगता आलं की फळ घेणारी मुलं २३ टक्क्यांनी वाढली आणि भाजी पोटात जाण्याचं प्रमाण १६.२ टक्क्यांनी. ‘सक्ती केली की सगळं कचऱ्यात जातं’ हा तेव्हाचा लोकप्रिय आक्षेप त्या आधीच्या ट्रेंमुळे खोडता आला. ते आधीचे ट्रे नसते तर नंतरच्या हजारो ट्रेंना काही अर्थ नव्हता.

महाराष्ट्रातलं उदाहरणही याच जातीचं आहे. शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्याला फळ, द्यायला सुरुवात झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा वेगळा निधी थांबवला. अंड्यावर किती खर्च झाला हे फायलींमधून आजही निघेल. त्या दिवशी हजेरी वाढत होती का, हे पटावरून निघेल. एखाद्या मुलाने अंडं खाल्लं की दप्तरात घालून धाकट्या बहिणीसाठी घरी नेलं, हे त्या आठवड्यात कोणी बघितलं नसेल तर गेलं ते गेलं.

तुलनेची जागाही नाशवंत असते, आणि हे मात्र फार कमी अर्जदार लिहितात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नोव्हेंबर २०१४च्या मतदानात अमेरिकेतला पहिला ठळक पेय-कर आणला आणि मार्च २०१५ पासून तो लागू केला. त्याचा परिणाम तपासताना ऑकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को ही शेजारची, कर नसलेली शहरं तुलनेला घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोतही त्याच मतदानात कराचा प्रस्ताव होता. निम्म्याहून जास्त मतं मिळाली, पण दोन-तृतीयांश लागत होती म्हणून तो पडला. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन्ही शहरांनी कर मंजूर केला आणि तुलनेसाठी स्वच्छ उरलेली शहरं हातची गेली. घाईच्या अर्जात ही बाजू मांडली तर वजन पडतं: फक्त ‘आमच्या गावात धोरण येतंय’ एवढंच नाही, तर ‘शेजारचं गाव अजून कोरं आहे आणि फार दिवस राहणार नाही’.

लिहिण्यातला फरक यातून आपोआप येतो. साध्या आर०१मध्ये बारा पानांतला मोठा भाग पूर्वीचं काम, प्राथमिक निष्कर्ष, सांख्यिकीची पद्धत यांत जातो. समितीला तुम्ही हे काम पाच वर्षं तडीस न्याल याची खात्री हवी असते. घाईच्या अर्जातही हे सगळं लागतंच, विज्ञानात सूट नाही. पण त्याआधी एक छोटी तारीखवार मांडणी लागते: धोरण कुठल्या दिवशी मंजूर झालं, कुठल्या दिवशी लागू होणार, आधीचं मोजमाप शेवटी कुठल्या आठवड्यात सुरू झालं पाहिजे, आणि साध्या मार्गाने पैसे कधी आले असते. ही मांडणी पहिल्या पानावर असावी. सातव्या पानावर गेली तर वाचणारा तोवर मनात निकाल देऊन मोकळा झालेला असतो.

प्राथमिक निष्कर्षांऐवजी इथे पत्रं काम करतात. शाळा-प्रशासनाचं पत्र, नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचं पत्र, दुकानदाराचं पत्र. आणि पत्रात ‘आमचा या उपक्रमाला पाठिंबा आहे’ असलं गुळमुळीत वाक्य नको. ‘अमुक महिन्यापासून तुमच्या माणसांना आमच्या कॅन्टीनमध्ये दुपारी उभं राहू देऊ’ असं हवं. नैतिक समितीची परवानगी साध्या अर्जात गुणांकन झाल्यावर मागितली तरी चालते. इथे मसुदा आधीच तयार नसला तर चार महिन्यांतले सहा आठवडे त्यातच जातात.

आणखी एक अडसर बजेटचा. वर्षाला थेट खर्च अडीच लाख डॉलरपर्यंत असेल तर तपशीलवार हिशेबाऐवजी ठोकळ रकमांचं, म्हणजे मॉड्युलर, बजेट चालतं. पाच लाख किंवा जास्त मागायचे तर अर्जाच्या किमान सहा आठवडे आधी एनआयएचमधल्या संबंधित संस्थेची संमती घ्यावी लागते. साध्या मार्गाला ते जाचक वाटत नाही. घाईच्या मार्गावर हे सहा आठवडे परवडत नाहीत. माझ्या मते घाईच्या अर्जात मागणी आटोपशीर ठेवावी, मोठं स्वप्न नंतरच्या साध्या अर्जासाठी राखावं.

दोन्हीकडे प्रोग्रॅम ऑफिसरला, म्हणजे एनआयएचमध्ये तो विषय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी लिहावं असं सांगतात. साध्या अर्जात ते शिष्टाचार म्हणून झालं तरी चालून जातं. घाईच्या अर्जात तो फोन टाळणं म्हणजे स्वतःचंच नुकसान, कारण ‘हे खरंच वेळेचं बंधन असलेलं आहे का’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर तिथेच मिळतं. साधा अर्ज नाकारला गेला तर शेरे वाचून ३७ महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा टाकता येतो, आणि पुष्कळ चांगली ग्रँट्स दुसऱ्या फेरीतच मिळतात. घाईच्या अर्जात दुसरी फेरी कागदावर मिळाली तरी उपयोग काय? तोवर कर सुरू झालेला असतो.

पुढे २०२२ मध्ये एनआयएचने लठ्ठपणापलीकडच्या विषयांसाठीही ही वाट खुली केली आणि तिचं रूप बदललं. आर६१ आणि आर३३ असे दोन टप्पे आले: पहिल्यात आधीचं मोजमाप, आणि ठरलेले टप्पे गाठले तरच दुसऱ्यात पुढचं. कुक काउंटीसारखा प्रकार झाला तर पाच वर्षांचा पैसा अडकत नाही, ही त्यातली अक्कल. अशा जाहिरातींना साधारण तीन वर्षांची मुदत असते, मग त्या नव्या क्रमांकाने निघतात किंवा निघतच नाहीत. म्हणून जुनी पीडीएफ समोर ठेवून अर्ज लिहू नका. शिवाय दोन्ही रूपांत क्लिनिकल ट्रायलला मनाई आहे. कुठल्या शाळेत नवं जेवण द्यायचं हे तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवणार असाल, तर हा अर्ज तुमचा नाही. इथे धोरण दुसऱ्याचं असतं, तुमचं काम फक्त मोजायचं.

आणि घाईचं म्हटलं तरी चार महिने जातातच. बर्कलीत रस्त्यावर उभं राहून लोकांना ‘काय पिता?’ विचारणाऱ्यांनी पहिली पाहणी एप्रिल ते जुलै २०१४ मध्ये उरकली होती, मतदान व्हायच्याही आधी. कर हरला असता तर ती मेहनत वाया गेली असती. तो जिंकला, आणि २०१५ मध्ये त्याच मोसमात पुन्हा विचारल्यावर कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत गोड पेयं पिणं २१ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, तर शेजारच्या दोन शहरांत ४ टक्क्यांनी वाढलेलं. मतपत्रिकेवर प्रस्ताव चढला की त्याची तारीख जगजाहीर असते. तेव्हा विद्यापीठाच्या किरकोळ निधीतून, किंवा रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या हेल्दी ईटिंग रिसर्चसारख्या कार्यक्रमाने रॅपिड-रिस्पॉन्स, म्हणजे झटपट मिळणारी, ग्रँट देऊ केली असेल तर त्यातून, पहिली फेरी काढून ठेवावी आणि मोठ्या अर्जात ती प्राथमिक निष्कर्ष म्हणून जोडावी.