केव्ह स्टोरी

केव्ह स्टोरी : उड्या मारत आणि गोळ्या झाडत पुढे जाण्याचा जपानी संगणकीय खेळ. मूळ नाव ‘दोकुत्सु मोनोगातारी’, म्हणजे गुहेची गोष्ट. दाइसुके अमाया यांनी ‘पिक्सेल’ या टोपणनावाने, फावल्या वेळात पाच वर्षे खपून तो एकट्याने बनवला आणि २० डिसेंबर २००४ रोजी विंडोजसाठी फुकट खुला केला. चित्रे, कथा, संगीत सगळे त्यांचेच. संगीत रचण्याचे सॉफ्टवेअरसुद्धा.

तरंगत्या बेटाच्या पोटातल्या गुहेत एक यंत्रमानव जागा होतो. त्याला मागचे काही आठवत नाही. सशासारखी दिसणारी मिमिगा जमात तिथे ‘डॉक्टर’ नावाच्या माणसाच्या दहशतीखाली जगते.

खरी गंमत बंदुकांची. मेलेल्या शत्रूतून पिवळे त्रिकोण सांडतात. ते वेचले की बंदूक तिसऱ्या पायरीपर्यंत चढते, मार बसला की उतरते. म्हणजे जीव धोक्यात असतानाच हत्यारही दुबळे होते : दुष्काळात तेरावा महिना. तिसऱ्या पायरीवरची मशीनगन खाली रोखून चालवली तर धक्क्याने नायक हवेत चढतो. ‘नेमेसिस’ ही बंदूक मात्र उलट्या चालीची. पायरी वाढेल तशी ती दुबळी होते आणि शेवटी रबरी बदके फेकते.

‘मेट्रॉइड’सारख्या जुन्या निन्टेन्डो खेळांची छाप उघड आहे. तरी ही नक्कल नव्हे. फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या खेळयंत्रावर एका आडव्या रेषेत आठांहून जास्त हलती चित्रे आली की ती लुकलुकत. इथे तसे काही होत नाही. ३२० बाय २४० ठिपक्यांच्या पडद्यावर अमायांनी फॅमिकॉम जसा होता तसा नव्हे, जसा आठवतो तसा रंगवला. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात कॅसेट फुंकून ‘कॉन्ट्रा’ आणि ‘मारिओ’ खेळलेल्या पिढीला फॅमिकॉम हे नावही बहुधा ठाऊक नव्हते, कारण घरी असे ती त्याची स्वस्त नक्कल. पण हे चौकोनी ठिपके आणि टिवटिवणारे सूर ती लगेच ओळखते.

२०१० मध्ये निकॅलिस कंपनीने हा खेळ वीवेअरवर, म्हणजे निन्टेन्डोच्या ‘वी’ यंत्रावरच्या ऑनलाइन दुकानात, विक्रीस आणला, तर २०११ मध्ये ‘केव्ह स्टोरी+’ संगणकावर आला. त्यात चित्रे नव्याने, अधिक रेखीव काढली होती. हवे त्याला सेटिंगमध्ये जाऊन २००४ची जाडीभरडी चित्रे परत आणता येतात.