गोळीचं शिसं आणि खिळ्याचं शिसं

पुतण्या अमेरिकेत इंडियाना राज्यात असतो. दोन वर्षांपासून त्याला ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, रायफलीचं वेड लागलंय. तिकडे ही हौस जुनी आहे. ठासणीच्या रायफलवाल्यांची १९३३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना त्याच राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात आहे. या मंडळींत गोळ्या विकत आणण्यापेक्षा घरी ओतण्याला मान. दिवाळीत तो आला आणि माळ्यावरचा खिळ्यांचा, म्हणजे छपाईसाठी जुळवायच्या सुट्या धातूच्या अक्षरांचा, डबा त्याच्या हाती लागला. वडिलांचा ट्रेडल छापखाना बंद झाला तेव्हा उरलेले ते खिळे. "काका, हे शिसंच ना? दोन किलो नेऊ?"

भावनेचा भाग सोडा, पण ते शिसं त्याच्या कामाचंच नव्हतं.

शुद्ध शिसं म्हणजे एकच धातू. ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, नखानं ओरखडा उमटतो, पातळ पट्टी बोटांनी वाकते. खिळ्यांच्या धातूत शिसं असतं खरं, पण त्यात अँटिमनी हा धातू आणि कथील मिसळलेलं असतं. लायनोटाइप या अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्रासाठीचं ठरलेलं मिश्रण सांगायचं तर शंभर भागांत ८४ शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. हातानं जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी त्याहूनही जास्त, कारण तेच खिळे पुन्हा पुन्हा दाबाखाली जायचे. ब्रिनेल मापानं शुद्ध शिशाचा कडकपणा ५ च्या आसपास, लायनोटाइपच्या धातूचा २२ च्या आसपास. चौपटीहून जास्त फरक, आणि धूळ बसलेले दोन तुकडे शेजारी ठेवले तर डोळ्यांना काही कळत नाही.

छापखान्याला कडकपणा का हवा, हे देवनागरी जुळवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. रफार, वेलांटी, उकार. काही खिळ्यांत हे भाग अंगाबाहेर झुकलेले असायचे. मऊ शिशाचे असते तर पहिल्याच फर्म्यात वाकले असते. दुसरं कारण ओतण्यातलं. शुद्ध शिसं थंड होताना चांगलंच आकसतं. अँटिमनी घातली की आकसणं कमी होतं आणि साच्यातली बारीक रेघ जशीच्या तशी उतरते. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा टाइप इतका रेखीव दिसायचा, त्यात अक्षर कोरणाऱ्याचं कसब मोठं. पण धातू मऊ असता तर ते कसब कागदापर्यंत पोचलंच नसतं.

आता बंदूक. पुतण्याला वाटत होतं, गोळी जितकी कडक तितकी चांगली. मागून काडतूस भरायच्या आजच्या बंदुकीत या म्हणण्याला थोडा आधार आहे. तिथे शिशाची गोळी नळीपेक्षा केसभर जाडच ठेवतात आणि दारूचा दाब तिला आट्यांतून, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतल्या पिळदार खाचांतून, रेटून नेतो. फार मऊ असेल तर नळीत शिशाचा लेप चढतो. म्हणून तिकडचे ओतणारे जुना लायनोटाइपचा धातू शोधत फिरतात आणि मऊ शिशात थोडा थोडा मिसळतात. ठासणीच्या रायफलीत गणित उलटं. गोळी तोंडाकडून, गजानं, हाताच्या जोरानं आत ढकलायची, म्हणजे ती नळीहून बारीकच हवी. बारीक गोळी उडताना आट्यांना धरणार कशी?

याची दोन उत्तरं निघाली. पहिलं, गोल गोळीभोवती वंगण लावलेली सुती चिंधी. ०.५० इंची नळीसाठी ०.४९ इंचाची गोळी घेतात, उरलेली जागा चिंधी भरते. आट्यांना धरते ती चिंधी, पण भरताना गोळीनं थोडं दबून तिला जागा द्यावी लागते. दुसरं उत्तर फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए याच्या नावानं १८४९ पासून ओळखलं जातं: टोकदार गोळी, बुडाशी खोलगट. दारू पेटली की वायू त्या खोलगट भागात शिरतो, बुडाची कड बाहेर फाकते आणि आट्यांत रुतते. भरताना सैल, सुटताना घट्ट. ही सगळी करामत शिसं मऊ असण्यावर उभी आहे. याच कल्पनेवरची इंग्रजांची १८५३ ची एन्फिल्ड रायफल हिंदुस्थानात आली, आणि तिच्या काडतुसाला गोळीच्या बाजूनं लावलेलं वंगण कशाचं, या प्रश्नावरून १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमला कुजबुज सुरू झाली. पुढचं शाळेत शिकलोच आहोत. वंगण लागायचं कारण मात्र तिथे सांगत नाहीत: काळ्या दारूची काजळी नळीत साठते, आणि वंगणाशिवाय पुढची गोळी खाली सरकत नाही.

म्हणजे खिळे वितळवून मिनिएची गोळी ओतली तर बुडाची कड फाकणारच नाही. गोळी आट्यांना न धरता, फिरकी न घेता निघून जाईल. गोल गोळी एक वेळ चालवून घेईल, कारण मधे चिंधी आहे. पण तिथेही एक गंमत आहे. कडक मिश्रण कमी आकसतं, त्यामुळे त्याच साच्यातून निघालेली गोळी किंचित जाड भरते. आधीच दबत नाही, वर जाड. गजावर जोर लावून लावून हात दुखतील आणि एखादी अर्ध्यात अडकेल. नळीच्या मधोमध अडकलेल्या गोळीवर बार काढला तर नळी फुगते, फाटतेही.

ओळखायचं कसं? टाकून पाहा: फरशीवर शुद्ध शिसं थप्प करून बसतं, खिळ्यांचा धातू खणखणतो. साचा असेल तर वजन करा. ०.४९ इंचाची गोल गोळी शुद्ध शिशाची असेल तर साडेअकरा ग्रॅमच्या जवळ, लायनोटाइपच्या धातूची साडेदहाच्या आसपास. आणि तिसरी रीत मला फार आवडली. चित्रकारांच्या वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली घ्यायच्या आणि कुठली पेन्सिल धातूवर नुसती घसरते, कुठली त्याला कापते ते पाहायचं. शुद्ध शिसं अगदी मऊ पेन्सिलीलाही दाद देतं. जिच्यात शिसं नावालाही नसतं, ती शिसपेन्सिल शेवटी शिशाची परीक्षा घेते!

मऊ शिसं तिकडे जुन्या छपरांच्या पत्र्यांतून, नळांतून, क्ष-किरणांच्या खोलीच्या अस्तरातून मिळतं. मोटारीच्या चाकांना लावायची वजनं मात्र बेभरवशाची: पट्टीनं अडकवायच्या वजनांत अँटिमनी असते, आणि हल्ली कित्येक तर जस्ताचीच. जस्त शिरलं की सगळी कढई वाया, साचा नीट भरतच नाही. बॅटरीतलं शिसं तर घरी वितळवूच नये. त्यातल्या आर्सेनिक, अँटिमनीपासून ओलाव्याच्या संपर्कात जीवघेणे वायू निघू शकतात. पाण्याचा थेंब वितळलेल्या शिशात पडला तर त्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. रोजचा धोका मात्र धुरापेक्षा हातांचा. वर जमणारी राखट मळी, तिची धूळ, ते हात तसेच जेवणाला. लहान मूल घरात असेल तर स्वयंपाकघरात हे काम अजिबात नको. मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

आपल्याकडे कोकणात पीक राखायला परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका असतात; त्यांच्या नळीत बहुधा आटे नसतात आणि भरायचे ते छर्रे. आटे नाहीत, म्हणून मऊ-कडक हा वादही तिथे नाही. परवाना मात्र ठासणीच्या बंदुकीलाही लागतोच.

पुतण्याला मी डब्यातला एक 'ळ' दिला आणि म्हटलं, तिकडच्या शिशाच्या तुकड्यावर हा दाबून बघ. महिन्याभरानं फोटो आला: छपराच्या जुन्या पत्र्याच्या तुकड्यात सुलटा 'ळ' स्पष्ट रुतलेला, आणि खिळ्याला साधा ओरखडाही नाही.