चार अक्षरांमागची शंभर वर्षं

दहावीचा निकाल लागला की सायन्स घ्यायचं का डिप्लोमा करायचा, ही चर्चा कोल्हापुरात घरोघरी सुरू होते. अलीकडे त्या चर्चेत मार्कांच्या जोडीला पर्सनॅलिटी टेस्टचा कागदही असतो. मोबाइलवर प्रश्नांना टिक केली की ‘आयएसटीजे’, ‘ईएनएफपी’ अशी चार अक्षरं हाती येतात. मग “पोरगं भावनेनं निर्णय घेतंय, त्याला मॅनेजमेंट झेपायचं न्हाई” असं कुणीतरी ठरवूनही टाकतं. मुलांची वाट अशी अडवली जाते, हे मला फार खटकतं. या अक्षरांचा इतिहास पाहिला, तर त्यात असं काही ठरवायला आधारच सापडत नाही.

माणसांच्या स्वभावाचे प्रकार पाडणं जुनंच आहे. आपल्याकडे चरकसंहितेत वात-पित्त-कफाच्या प्रकृती आहेत, ग्रीक वैद्यांनी शरीरातल्या चार द्रवांवरून स्वभाव सांगितले. आजच्या चाचणीचं मूळ मात्र कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या १९२१ सालच्या ग्रंथात आहे. फ्रॉइड आणि अॅडलर हे त्या काळचे मनाचे दोन नामवंत अभ्यासक मानवी मनाकडे इतक्या वेगळ्या नजरेनं का पाहतात, हा प्रश्न युंगला छळत होता. त्यातून अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी पुढे आली. विचार आणि भावना ही निर्णयाची दोन अंगंही त्यानंच मांडली, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही अंगं विवेकाचीच मानली. भावना म्हणजे रडणं-चिडणं नव्हे. आपल्याला काय मोलाचं वाटतं आणि काय नाही, याचा निवाडा. म्हणजे ‘भावनेनं निर्णय घेणारा’ तो कच्चा, हा अर्थ युंगच्या मांडणीत बसतच नाही. निव्वळ एकाच प्रकारचा माणूस असू शकतो, हेही त्याला मान्य नव्हतं.

युंगच्या ग्रंथातून चाचणी तयार केली ती अमेरिकेतल्या एका मायलेकींनी. कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. लेकीनं निवडलेला मुलगा आपल्या घरच्यांपेक्षा अगदीच वेगळ्या पद्धतीनं विचार करतो, हे पाहून आईची जिज्ञासा वाढली. तिनं स्वतःची एक वर्गवारीही केली होती. १९२३ मध्ये युंगचा इंग्रजी अनुवाद हाती पडल्यावर तिनं ती बाजूला ठेवली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असंख्य स्त्रिया पहिल्यांदाच कामावर जाऊ लागल्या. कुणाला कुठलं काम मानवेल हे कळावं, म्हणून इसाबेलनं प्रश्नावली तयार केली. हीच ती मायर्स-ब्रिग्ज चाचणी. तिच्यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एकेका जोडीतली एक बाजू.

अंतर्मुख-बहिर्मुख, विचार-भावना आणि इंद्रियांनी टिपणं की अंतःप्रेरणेनं ओळखणं, या तीन जोड्या युंगच्याच. निर्णयाच्या दृष्टीनं खरी भर पडली ती चौथ्या जोडीनं. एकदाचं ठरवून मोकळं होणारी माणसं एका बाजूला, शेवटपर्यंत पर्याय खुले ठेवणारी दुसऱ्या बाजूला. ही जोडी या दोघींनीच स्पष्ट करून चाचणीत आणली. पण ती सांगते ती फक्त ठरवण्याची आवडती रीत. ठरवलेलं बरोबर निघेल का, हे त्या अक्षरांत कुठेच नसतं. घाईनं घेतलेला निर्णय योग्य ठरू शकतो, महिनाभर घोळवलेला चुकू शकतो.

चाचणीची अधिकृत पुस्तिका आली १९६२ मध्ये, आपलं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी. तेव्हा ती केवळ संशोधनासाठी होती. बाजारात ती पसरली १९७५ नंतर. आक्षेपही तेव्हापासून तेच आहेत: काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं, कारण बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्येच असतात आणि चाचणी त्यांना एका बाजूला ढकलते. मग तरीही निकाल इतका का पटतो? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर दिला. तो आपल्याला किती लागू पडतो, याला त्यांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. संशोधक आता स्वभावाचे पाच पैलू मोजणाऱ्या ‘बिग फाइव्ह’ या मोजपट्टीला जास्त मानतात, कारण तिच्यात खाने नसतात, कमी-अधिक प्रमाण असतं.

नोकरीसाठी निवड करताना ही चाचणी वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात. कोल्हापूरकरांनी हे विशेष लक्षात घ्यावं असं मला वाटतं. कोण कुठल्या कामाला लायक हे जन्मावरून ठरत होतं, त्या काळात, १९०२ मध्ये, शाहू महाराजांनी दरबारच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. त्याच गावात आता चार अक्षरांवरून मुलांची दारं बंद होऊ नयेत.

राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली. तिचा अहवाल शेती, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांकडचा ओढा दाखवायचा. ओढा आणि कुवत वेगळी, म्हणून पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड द्यावी लागली.

लष्करी अधिकारी होण्यासाठी आपल्या जिल्ह्यातली मुलं एसएसबी या सैन्याच्या निवड मंडळाकडे जातात, तिथली पद्धत याहून पुष्कळ वेगळी. अर्ध्या तासात ६० प्रसंग देऊन तू काय करशील हे लिहून घेतात. शिवाय दोर, फळ्या आणि ओझं देऊन गटाला मैदानात अडथळे पार करायला लावतात, आणि कोण कसं ठरवतो ते अधिकारी समोर उभे राहून पाहतात. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघं स्वतंत्रपणे मत बनवतात, आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून ती मतं ताडून पाहतात.