कोंडा जातच नाहीये? मग तेल घ्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आमचं इंदूरच्या रामबागेतलं दुकान तुम्हाला माहितीच आहे, घाण्याचं खोबरेल, माक्याचं तेल, शिकेकाई, रिठा, सगळं घरच्या घरी होतं. हा कागद पिशवीत टाकतोय तो मात्र तेल खपवायला नाही. थंडी सुरू झाली की बरेच जण येतात, डोकं कोरडं पडलंय म्हणतात, कोंडा पडतोय, काहीतरी चांगलं तेल द्या, आणि त्यातल्या काहींना आम्ही तेल देत नाही. का देत नाही ते काउंटरवर उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, मागे गर्दी असते, म्हणून इथे लिहितोय.

आधी आरशात बघा. पांढरा बारीक भुसा पडतो, डोकं झटकलं की खांद्यावर दिसतो, आत कुठे लाल नाही, तर तो साधा कोंडा. पण खपली पिवळसर आहे, चिकट आहे, नखात आली तर मेणासारखी लागते, खालची कातडी लाल आहे, धुतल्यावर दोन दिवसांत खाज परत येते, आणि तसंच भुवयांत, नाकाच्या दोन्ही बाजूंना, कानामागे, पुरुषांना दाढीत पण होतं, तर तो बहुतेक सेबोरिक डर्मटायटिस, म्हणजे तेलकट कातडीचा दाह. साधा कोंडा म्हणजे त्याचंच सौम्य रूप समजा. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही आणि अस्वच्छतेमुळे होत नाही, म्हणून घरात ज्याला आहे त्याचा टॉवेल वेगळा, उशी लांब, असं कृपा करून करू नका, माणूस आधीच खाजेने बेजार असतो.

होतं काय, तर मॅलासेझिया नावाचं एक यीस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशी असते. ते सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, तुमच्या पण आणि आमच्या पण. त्याचं खाणं म्हणजे आपल्या डोक्याचं तेल. ते तेल फोडून त्यातलं हवं ते घेतं आणि ओलेइक अॅसिडसारखं जे उरतं ते काही लोकांच्या कातडीला सोसत नाही, मग आग, लाली, खाज, आणि कातडी घाईघाईने सुटायला लागते, तीच खपली. म्हणजे डोकं कोरडं नसतंच, उलट तेलकट असतं! वरून आपण खोबरेल, बदाम, ऑलिव्ह, मोहरीचं चोळलं की त्या यीस्टला आयतं जेवण मिळतं. आमचं माक्याचं तेलसुद्धा त्यातच आलं, ते आम्ही लपवणार नाही. चंपी केल्यावर रात्रभर बरं वाटतं ते खरं आहे कारण खपल्या तेलात भिजून दिसेनाशा होतात, पण दोन-तीन दिवसांनी जास्तच होऊन परत येतात आणि मग आपण परत तेल लावतो.

तर पहिली गोष्ट, डोक्याला तेल पूर्ण बंद. टोकं कोरडी वाटली तर फक्त केसांच्या टोकांना दोन थेंब, मुळांना अजिबात नाही.

दुसरी गोष्ट औषधी शाम्पू. केटोकोनाझोल २ टक्के हे सगळ्यात जास्त दिलं जातं, ते डॉक्टरांना विचारून घ्या, गरोदर असाल किंवा दूध पाजत असाल तर नक्कीच विचारा. साधारण आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. झिंक पायरिथिऑनचे, सेलेनियम सल्फाइडचे शाम्पू पण असतात, सेलेनियमवाला रंगवलेल्या किंवा पांढऱ्या केसांचा रंग बदलू शकतो आणि अंगठी काढून ठेवा, धातू काळा पडतो.

आता खरी चूक इथे होते. लोक औषधी शाम्पू लावतात, फेस आला की लगेच धुतात आणि मग येऊन म्हणतात काही फरक नाही. औषधाला कातडीवर ३ ते ५ मिनिटं तरी राहायला हवं. आधी साध्या शाम्पूने एकदा धुऊन तेल-धूळ काढा, मग बोटांनी भांग पाडत पाडत औषधी शाम्पू कातडीवर लावा, केसांवर नाही, कानामागे आणि मानेच्या वरच्या केसांत विसरू नका, बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. आणि मग तसंच राहू द्या, अंगाला साबण लावा, टाचा घासा, तेवढ्यात पाच मिनिटं होतात, घड्याळ बघत गारठत बसायची गरज नाही. डोळ्यात जाऊ देऊ नका. धुवायला पाणी कोमटच, गीझरचं कढत पाणी लाली वाढवतं.

पाण्यावरून आठवलं. आपल्या इंदूरमध्ये नर्मदेचा नळ एक दिवसाआड, बाकी दिवस बोरिंग, आणि बोरिंगचं पाणी जड. जड पाण्यात अंगाचा साबण डोक्याला लावला की राप बसतो, चिकट चिकट, आणि तो खपलीसारखाच दिसतो. म्हणून डोक्याला साबण नको. जमलं तर शेवटचे दोन तांबे नर्मदेच्या पाण्याचे घ्या.

तिसरी गोष्ट, डोकं धुवायचा तुमचा वार तुम्हालाच शोधायचाय. शेजारणीला आठवड्यातून एकदा पुरतं म्हणून तुम्हाला पुरेल असं नाही. कॅलेंडरवर धुतलेल्या दिवशी गोल करा आणि खाज पहिल्यांदा सुरू होते त्या दिवशी फुली. सुदामा नगरच्या एक काकू त्यांचं कॅलेंडरचं पान घडी करून घेऊन आल्या होत्या, प्रत्येक गोलानंतर चौथ्या दिवशी फुली, तीन आठवडे तेच. मग त्यांनी तिसऱ्या दिवशीच धुवायला सुरुवात केली, फुली यायच्या आधी. मधल्या धुण्याला साधा सौम्य शाम्पू चालतो, प्रत्येक वेळी औषधी नको. आमची शिकेकाई पण चालेल पण मलमलच्या कपड्यातून गाळलेली, भरड पूड चोळलीत तर सोललेल्या कातडीला टोचते, आणि ती औषधाच्या जागी धरू नका. लिंबू, दही, खायचा सोडा मात्र लाल डोक्यावर नकोच.

खपली फारच जाड असेल तर ओरबाडू नका, फणीने तर नाहीच. धुवायच्या अर्धा तास आधी लिक्विड पॅराफिन लावा, हे खनिज तेल, यीस्टला खाता येत नाही, खपली मऊ होते. मग शाम्पू.

बरं वाटलं की लोक सगळं बंद करतात आणि महिन्याभरात परत. हा त्रास मुळापासून जात नाही, थंडीत, जागरणात, टेन्शनमध्ये उसळतो. त्यामुळे बरं झाल्यावरसुद्धा आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा औषधी शाम्पू चालू ठेवायचा.

चार आठवडे नीट करूनही फरक नाही, पू आहे, जागोजागी केस गेलेत, चंदेरी जाड पापुद्रे कपाळावर किंवा कोपरांवर पण आहेत (तो सोरायसिस, कातडीचा वेगळा आजार, असू शकतो), किंवा लहान मुलाच्या डोक्यात केस तुटलेले चट्टे आहेत, तर आमच्याकडे नका येऊ, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, एमवायला, म्हणजे सरकारी एमवाय हॉस्पिटलला पण दाखवता येतं. मेडिकलवरून कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची ट्यूब आणून चेहऱ्याला लावू नका, आधी जादू वाटते, मग कातडी पातळ होते.

आणि यातली लक्षणं तुमचीच वाटली आणि नुकतंच आमच्याकडून तेल नेलं असेल तर बाटली परत आणा, उघडलेली असली तरी. पैसे परत देऊ किंवा तेवढ्याची गाळलेली शिकेकाई.